झेंड्याच्या कोपऱ्यातला साहेब

माझ्या मामेसासऱ्यांच्या हातून आजवर एकही वस्तू पहिल्या झटक्यात पास झालेली नाही, आणि त्या वस्तूंत मीही आलो. लग्नाच्या बोलणीला मुलीकडची मंडळी आमच्या घरी परभणीला आली, तेव्हा मुलीचे मामा म्हणून हे सोबत होते. बाकीच्यांनी माझा पगार विचारला, शिक्षण विचारलं, गावाकडं शेती किती ते विचारलं. ह्यांनी चकार शब्द काढला नाही. मी पाण्याचे पेले घेऊन आत-बाहेर करत होतो आणि हे एक डोळा बारीक करून माझ्यावर नजर रोखून बसले होते. शेवटी निघताना, दारात चपला घालता घालता, माझ्या वडिलांना म्हणाले, "पोरगा चांगला हाय. डावा खांदा एक सूत खाली हाय, पन चालंल." झालं! त्या दिवसापासून आरशासमोर उभा राहिलो की मला माझा चेहरा दिसतच नाही, नुसता डावा खांदा दिसतो. बायकोला विचारलं तर ती शांतपणे सांगते, "मामा मापात चुकत नाहीत."

मामा पिंपळे गुरवचे, जुन्या गावठाणातले. घरची शेती प्लॉट पडून केव्हाच संपली. राहिलं ते तीन मजली घर आणि त्यातले भाडेकरू. पण मामांनी उभा जन्म काढला तो कंपनीत, इन्स्पेक्शनच्या टेबलावर. आधी भोसरीला, आणि कंपनी हलली तेव्हा चाकणला. गाड्यांच्या गिअरबॉक्सचे सुटे भाग यायचे, ते मोजायचे, आणि ओकेची हिरवी नाहीतर रिजेक्टची लाल चिठ्ठी लावायची. दुरुस्त होण्याजोगा माल रिवर्कला परत जायचा. हे काम अंगात इतकं भिनलं की कंपनी सुटली तरी चिठ्ठ्या काही सुटल्या नाहीत. निरोप समारंभात कंपनीनं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते त्यांनी स्टेजवरच उजेडात धरलं आणि मोठ्या साहेबांना माइकसमोर सांगितलं, "सायेब, सेकंदकाटा बारावर अडखळतोय." घड्याळ बदलून आलं. आजही शर्टाच्या खिशात व्हर्नियर असतो, म्हणजे जाडी मोजायची ती स्टीलची पट्टी. चष्मा विसरतील, पण व्हर्नियर विसरणार नाहीत. भाजीवाल्याकडं पेरू हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवतात आणि "गोलाई गेलीय ह्याची" म्हणून परत ठेवतात. भाजीवाला आता त्यांना लांबून येताना बघितलं की ओरडून सांगतो, "मामा, आज माल तपासून आणलाय बरं का!" स्वतःचं लग्न झालं त्या वर्षी त्यांनी एकदा मामींच्या भाकरीची जाडी दोन ठिकाणी मोजली म्हणे. मामींनी दुसऱ्या दिवशी ताटात कोरडं पीठ वाढलं आणि म्हणाल्या, "घ्या, तुमच्या मापानं करून घ्या." तेव्हापासून भाकरी इन्स्पेक्शनच्या बाहेर आहे.

अशा माणसाला छंद जडावा तो कसला, तर इंग्रजांच्या सिगारेटच्या पाकिटातल्या चित्रांचा! आता मामांनी जन्मात विडीला हात लावलेला नाही. पण फार पूर्वी विलायतेत सिगारेटच्या नाहीतर चहाच्या पाकिटात एक छोटंसं, जाड कागदाचं रंगीत कार्ड टाकायची पद्धत होती. खेळायच्या पत्त्याच्या साधारण निम्म्या आकाराचं. त्यावर पक्षी, प्राणी, सैनिक, आगगाड्या, काय वाट्टेल ते. पन्नास कार्डांचा एक संच, आणि तो संच पुरा करायच्या नादात गिऱ्हाईक धूर काढत राहायचं. त्यातलाच एक संच होता इंग्रजांच्या राज्यातल्या देशांच्या झेंड्यांचा. पिंपरीतल्या एका रद्दीच्या दुकानात, एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात खुणेसाठी घातलेली त्यातली नऊ कार्डं मामांना सापडली. मामांनी पुस्तक तिथंच ठेवलं आणि कार्डं घरी आणली. ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट, मी तेव्हा ह्या कुटुंबात नव्हतो. पण मामींकडून इतक्यांदा ऐकलीय की आपण तिथंच बसलो होतो असं वाटतं.

आल्या आल्या मामांनी भिंग काढलं, व्हर्नियर काढला आणि नऊच्या नऊ कार्डांना लाल चिठ्ठ्या लावून टाकल्या. इंग्रजांच्या झेंड्यात जे तिरके लाल पट्टे असतात ना, ते पांढऱ्या पट्ट्याच्या मधोमध नव्हते. एका बाजूला पांढरं जाड, दुसऱ्या बाजूला बारीक. "छपाईत सरकलंय," मामांचा निकाल. पुढं आणखी चार कार्डं मिळाली, तीही सरकलेली. मामा हवालदिल झाले. ज्यांनी आपल्याला रूळ टाकून दिले, पूल बांधून दिले, त्यांना एक पट्टा मध्यात बसवता येऊ नये? शेवटी कंपनीत आलेल्या एका गोऱ्या ऑडिटरला त्यांनी कँटीनमध्ये गाठलं आणि आपल्या साहेबाला दुभाष्या करून जाब विचारला. तो बिचारा कंपनीची तपासणी करायला आलेला, त्याचीच तपासणी सुरू झाली. त्यानं कागदावर चित्र काढून समजावलं की झेंडा मुळातच तसा आहे, पट्टा मुद्दामच सरकवलेला आहे. ह्या धक्क्यातून मामा अजून सावरलेले नाहीत. "म्हंजी ड्रॉइंगच वाकडं!" ते कपाळावर हात मारून सांगतात. "आन त्या वाकड्या ड्रॉइंगवर निम्म्या दुनियेला माल काढून दिला. कुनी एकानं रिजेक्ट केला न्हाई." घरी येऊन त्यांनी तेराही लाल चिठ्ठ्या काढल्या, पण हिरव्या काही लावल्या नाहीत. कार्डं तशीच, बिनचिठ्ठीची, अल्बममध्ये गेली.

तिथून पुढं मामा झेंड्यांचं माप सोडून अर्थाच्या मागं लागले आणि पाहुण्यांचे हाल सुरू झाले. त्यांच्याकडं गेलं की चहाच्या आधी अल्बम येतो. जवळजवळ प्रत्येक झेंड्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात इंग्रजांचा झेंडा बसलेला असतो, त्याला मामा "कोपऱ्यातला साहेब" म्हणतात. ज्याचा देश त्याची खूण उजवीकडं, पदकाएवढ्या गोलात कोंबलेली. कुणाचं जहाज, कुणाचा हंस, कुणाचं झाड. "बघा जावईबापू," मामा बोट ठेवतात, "देश ह्याचा, हंस ह्याचा, समुद्र ह्याचा. आन दारात बसलंय कोन? सायेब. मानसाचा डोळा डावीकडनं चालतो. म्हंजी आधी सायेबाला रामराम, मंग तुमच्या हंसाला." आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या चार मुलखांच्या झेंड्यांवर तोच हत्ती, तेच ताडाचं झाड आणि मागं तोच डोंगर आहे, फक्त खालची इंग्रजी अक्षरं वेगळी. ह्या पानावर आले की मामांचा आवाज चढतो. "एकाच डायमधनं, एकाच साच्यातनं चार देश काढलेत! नुस्ता अक्षरांचा पंच बदलला! आरं, आमी साध्या वॉशरला असं केलं न्हाई कधी." मग ते कार्ड उलटं करून मला मागचं वाचायला लावतात, कारण त्यांचं इंग्रजी कंपनीपुरतं. मागं त्या देशात काय काय मिळतं ते छापलेलं असतं: रबर, कथील, कोको, चहा. तिथं माणसंही राहतात, त्यांना काही नावंगावं आहेत, ह्याचा पत्ताच नाही. "माल उचलायला गेलेल्या मानसाची यादी हाय ही," मामा म्हणतात, आणि खरं सांगायचं तर इथं माझं हसू मावळतं. मी हिंजवडीला एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो, आणि ते कुणासाठी, कुठल्या देशात जातं, ते मलाही धड माहीत नसतं.

ह्या अल्बमच्या तावडीतून कुणी सुटलेलं नाही. गॅसवाला सुटला नाही, जनगणनेच्या कामाला आलेल्या शिक्षिका सुटल्या नाहीत. एकदा मतं मागायला आलेला एक उमेदवार आत शिरला आणि बाहेर त्याचे कार्यकर्ते ढोलताशा घेऊन ताटकळत उभे. पाऊण तासानं तो घाम पुसत बाहेर पडला. मामांनी त्याला चारही हत्ती दाखवले होते, आणि वर त्याच्याच गळ्यातल्या उपरण्यावरची खूण मध्यापासून बोटभर सरकलीय हेही दाखवून दिलं होतं. माझ्यावर मामांचा विशेष लोभ. "तुमीबी इन्स्पेक्शनलाच की," ते म्हणतात, "फकस्त तुमचा माल हातात येत न्हाई, त्याला तुमी तरी काय करनार." मारुंजीच्या भाड्याच्या फ्लॅटमधून दर रविवारी आम्ही नवरा-बायको पिंपळे गुरवला जेवायला जातो. बायको मामींसोबत स्वयंपाकघरात, आणि मी साम्राज्यात.

वीस वर्षांत मामांनी एकोणपन्नास कार्डं जमवली. रद्दीवाले, जुन्या बाजारातले विक्रेते, एक पारशी म्हातारे गृहस्थ, असं कुठून कुठून गोळा करून. अल्बममधला एकच खण रिकामा होता, आणि तो नेमका हिंदुस्थानचा. आपल्याकडं हा छंद असलेला प्रत्येक जण तेच कार्ड आधी उचलतो, त्यामुळं बाजारात ते टिकतच नाही. मामांना त्याची घाई नव्हती. "यील कवातरी," म्हणायचे. मग मागच्या वर्षी त्यांना अक्षरं पुसट दिसायला लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. ज्याच्याकडं सरळ बघाल तेच पुसलं जाईल. एका डोळ्याचं जवळजवळ गेलंच होतं, दुसऱ्याचं चाललं होतं, आणि त्याला आता फारसा इलाज नव्हता. मी दवाखान्याबाहेर स्कूटर घेऊन उभा होतो. मामा पायऱ्या उतरून आले आणि मला एवढंच म्हणाले, "रिवर्क व्हत न्हाई म्हनाले."

त्या रविवारी अल्बम निघाला नाही. मला चक्क चुकल्यासारखं झालं. जेवणं झाल्यावर मामा म्हणाले, "जावईबापू, एक काम करा. त्ये पन्नासावं तेवढं कुटं मिळतंय का बघा. समद्यांच्या दाराशी काय चाललंय ते बघून झालं. आपल्या घरचं बघायचं ऱ्हायलंय. डोळं हायेत तवर बघून घ्यावं म्हंतो." मी लगेच मोबाइलवर त्या कार्डाचा फोटो शोधून मोठा करून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी फोन हातानं बाजूला सारला. "फोटो बघून कुनी माल पास करतं व्हय?" मग मी कामाला लागलो. रोज ऑफिसच्या बसमध्ये, गाड्यांच्या रांगेत अडकलेलो असताना, परदेशी विक्रेत्यांच्या याद्या चाळायचो. दीड महिन्यानं विलायतेतल्या एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडं ते मिळालं. अगदी तेच, त्याच संचातलं. पार्सल मामांच्या नावानं, मामांच्या पत्त्यावर मागवलं, म्हटलं त्यांच्या हातात पडू दे.

आणि इथं घोळ झाला. पार्सल वाटेत असताना मामा एकदा लातूरच्या मुलींना कोपऱ्यातल्या साहेबाची गोष्ट सांगत होते. ह्या तिघी जणी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतात. मामी तिथंच बसून मेथी निवडत होत्या. वीस वर्षांत त्यांनी कोपऱ्यातल्या साहेबाबद्दल स्वतःचं मत कधी दिलं नव्हतं. त्या दिवशी मान वर न करता म्हणाल्या, "आन आपल्या फाटकावरची पाटी काय हाय मंग?" मामा तसेच उठले, खाली गेले आणि फाटकासमोर बराच वेळ उभे राहिले. पाटीवर वरच्या डाव्या कोपऱ्यात पितळी अक्षरांत, वेलबुट्टीच्या चौकटीत, मामांचं नाव. उजवीकडं खाली, बोटभर जागेत, रंगानं लिहिलेली भाडेकरूंची नावं. त्याखाली पाणी यायची वेळ. मामांनी स्क्रू ड्रायव्हर आणला आणि तिथल्या तिथं पाटी उतरवली. दुसऱ्या दिवशी ती पेंटरकडं गेली: सगळ्यांची नावं एका मापाच्या अक्षरात, बाराखडीच्या क्रमानं. त्या क्रमात मामांचं नाव सगळ्यात खाली गेलं, लातूरच्या तिघींच्याही खाली, पण मामा डगमगले नाहीत. लातूरच्या मुली मात्र घाबरल्या. "काका, आमचं काही चुकलं का?" विचारत आल्या. "चुकलं आमचं व्हतं पोरींनो," मामा म्हणाले. आता एवढं मोठं मन केलं तर पाटी लगेच लावून मोकळं व्हावं की नाही? पण पेंटरनं पाटी आणली की मामा व्हर्नियर लावणार, अक्षरांच्या उंचीत फरक काढणार आणि पाटी परत जाणार. डोळा साथ देत नव्हता तर बोटानं चाचपून फरक काढायचे. पाटी तीनदा रिजेक्ट झाली. महिनाभर फाटक बिनपाटीचं.

त्याच महिन्यात कुरिअरवाला आला. गल्लीत उभा राहून त्यानं फोन केला, "काका, घरावर नाव काय आहे?" मामांनी खरं ते सांगितलं, "नाव न्हाई. नाव रिवर्कला गेलंय." त्यानं फोन ठेवून दिला आणि 'पत्ता सापडला नाही' असं नोंदवून पार्सल माघारी नेलं. मला हे कळलं चार दिवसांनी. पार्सल चाकणच्या गोदामात जाऊन पडलं होतं आणि दुसऱ्या दिवशी विलायतेला परत निघणार होतं. मी फोनवर मामांवर आवाज चढवला. आयुष्यात पहिल्यांदा, आणि त्याची मला अजून लाज वाटते. "त्या एका पाटीपायी घालवलंत ना मामा! मिळत नाही ते परत!" मग मामा म्हणाले, "चूक माझी हाय, जावईबापू. पन पाटी काढली ती चूक न्हाई. लावायला येळ लावला, ती चूक." ह्या माणसाशी भांडायची सोय नाही. मी हाफ डे टाकला, भाड्याची गाडी केली, त्यांना घेतलं आणि चाकणकडं निघालो.

रस्त्यावर नव्या गाड्या लादलेले लांबच लांब ट्रेलर, एकामागं एक, मुंगीच्या पावलानं. गोदाम सहाला बंद होणार होतं. मामा शेजारी बसलेले. त्यांची जुनी कंपनी आली तेव्हा मी म्हटलं, "मामा, तुमची कंपनी." मामांनी झटकन तोंड दुसरीकडं फिरवलं. मला वाटलं, बघवत नसेल. मी काहीबाही बोलून विषय बदलायला गेलो, तर मामा म्हणाले, "न्हाई ओ, तसं काय न्हाई. असं तोंड फिरवलं की दिसती ती. सरळ बघितलं की जाती." आणि तसेच, कंपनीकडं पाठ केल्यासारखे, कंपनी बघत राहिले. गोदामात काउंटरवर एक बाई होत्या. त्यांनी कागद पुढं केला, "इथं सही करा काका, चौकटीत." मामांची सही चौकटीच्या खाली गेली. बाई म्हणाल्या, "चौकटीत हो काका." दुसरी सही उजवीकडं गेली. रेघेबाहेर गेलेल्या सहीसाठी ह्या माणसानं एकेकाळी साहेबलोकांचे कागद परत पाठवले होते. मी त्यांचा हात धरायला पुढं झालो, तेवढ्यात बाईंनी माझ्याकडं बघितलं, मामांकडं बघितलं आणि पाकीट काढून दिलं. "चालतंय काका, आली सही," त्या म्हणाल्या. मामांनी पाकीट वाटेत उघडलं नाही. माल टेबलावर आणि उजेडात उघडायचा, हा नियम.

घरी पोचलो तेव्हा खिडकीत अजून ऊन होतं. मामींनी टेबल पुसून दिलं. मामांनी पाकीट ब्लेडनं कडेकडेनं कापलं, कार्ड बाहेर काढलं आणि दोन्ही हातांत धरलं. मी बाजूनं बघत होतो: लाल झेंडा, कोपऱ्यात तोच साहेब, आणि उजवीकडं पाच टोकांची चांदणी, भोवती सोनेरी किरणं. सुरेख होतं. मामा बघत राहिले. कार्ड जवळ घेतलं, लांब नेलं, पुन्हा जवळ घेतलं. मामींनी विचारलं, "कसं हाय?"

"चांदणी न्हाई ह्यावर," मामा म्हणाले.

"आहे मामा, उजवीकडं बघा," मी म्हटलं.

"तिकडंच बघतोय. तिकडं बघितलं की ती जाती. नुस्ता कोपऱ्यातला सायेब ऱ्हातो." त्यांचा आवाज अगदी साधा होता, पण कार्ड धरलेला हात खाली आला. "वीस वरसं लावली, आन शेवटाला ह्योच दिसायचा व्हता." सहा महिने आधी शोधलं असतं तर, असं मनात आलं.

मामी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या. "माझं तोंड बघायचं असलं की काय करता तुमी?" त्यांनी विचारलं. मला हे माहीत नव्हतं, तेव्हा मामींनीच माझ्याकडं वळून सांगितलं, "माझ्याशी बोलताना ते आता दाराकडं बघत्यात. म्हंजी मी दिसते त्यांना." मग पुन्हा मामांना म्हणाल्या, "तसंच बघा की. त्या सायेबाकडं बघा. चांगलं डोळं रोखून बघा."

मामांनी कार्ड पुन्हा उचललं आणि डोळा कोपऱ्यावर लावला. मला बघायला आले होते तेव्हा लावला होता, तसाच. थोड्या वेळानं त्यांच्या ओठाची एक कड हलली.

"गेला," मामा हळूच म्हणाले.

"कोण?" मी विचारलं.

"सायेब. कोपऱ्यात नुस्ता लाल रंग ऱ्हायलाय. आन ही... ही आली बघा चांदणी. धुरकट हाय. पन हाय."

मामा पापणी न हलवता त्या कोपऱ्याकडं बघत राहिले, आणि तेवढ्यानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. मामी म्हणाल्या, "पुरं आता. डोळं मिटा जरा, शीण हुईल."

"न्हाई मिटत," मामा म्हणाले. "मिटलं की सायेब यील परत."

मामींनी पदरानं त्यांच्या गालावरचं पाणी टिपलं, आणि कार्ड हलू नये म्हणून त्याची दुसरी कड धरून बसून राहिल्या.